मांडवगडची गोरखचिंच

धारहून मांडवगडाची वाट धरली की गड जवळ येताच शेतांच्या बांधांवर आणि खोल दऱ्यांच्या कडांवर एक निराळेच झाड दिसू लागते. खोड इतके जाड की पाच-सहा माणसांनी हात धरून कडे केले तरी कवेत येत नाही. त्या खोडाच्या मानाने फांद्या मात्र आखूड आणि वेड्यावाकड्या. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर झाडावर एकही पान नसते. रस्त्याकडेच्या पाटीवाल्या भिल्ल बाया लवदार सालीची, दुधीसारखी लोंबणारी फळे विकत असतात. तिथले लोक त्यांना ‘मांडू की इमली’ किंवा ‘खुरासानी इमली’ म्हणतात. मराठीत हीच गोरखचिंच. वसईच्या किल्ल्याच्या परिसरात आणि मुंबईच्या काही जुन्या आवारांत आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिलेली असते.

चव चिंचेसारखी आंबट असली तरी चिंचेशी तिचे नाते नाही. ती आपल्या काटेसावरीच्या कुळातली. पानांवाचूनही हे झाड ओळखता येते, पण पावसाळ्यात पाहिले तर शंकाच उरत नाही: एका देठाला पाच-सात पर्णिका, उघडलेल्या पंजासारख्या. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव अॅडनसोनिया डिजिटाटा. जगात तिला बाओबाब म्हणतात.

खरे कोडे पुढेच आहे. सेनेगल, माली, बुर्किना फासो या पश्चिम आफ्रिकेतल्या देशांपासून पूर्वेला टांझानिया आणि दक्षिणेला झिंबाब्वेपर्यंतची कोरडी गवताळ राने हे या झाडाचे घर. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, विंध्याच्या माथ्यावर ते कसे पोचले? आणि पोचून नुसते तगले नाही, असे रुजले कसे की आज त्याच्यावाचून मांडवगडाचे चित्रच पुरे होत नाही? उत्तराचा एक भाग माणसांच्या ये-जा करण्यात आहे आणि दुसरा माळव्याच्या पावसात. मांडवगड पाहायला जाणारे बहुतेक जण जहाजमहालापासून सुरुवात करतात. माझे मत असे की आधी हे झाड समजून घ्यावे, मग जहाजमहाल निराळा दिसतो.

खोडात नेमके काय असते

माळव्यात वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने आकाश जवळजवळ रिकामे असते. आफ्रिकेच्या ज्या पट्ट्यात बाओबाब वाढतो तिथेही हाच हिशेब: थोडे ओले महिने, पुष्कळ कोरडे. झाडापुढे दोनच मार्ग असतात. मुळे खूप खोल न्यायची, नाहीतर पाणी जवळ बाळगायचे. गोरखचिंचेने दुसरा मार्ग धरला.

सागाच्या किंवा बाभळीच्या लाकडात मुख्य भरणा असतो तो मेलेल्या, कडक झालेल्या तंतूंचा. त्यांच्या जोरावर झाड उभे राहते. गोरखचिंचेच्या लाकडात असे तंतू थोडे. बाकी सगळ्या मऊ, जिवंत, पातळ भिंतींच्या पेशी आणि त्यांत भरलेले पाणी. म्हणून हे लाकूड इमारतीला चालत नाही, जळणालाही धड नाही. ओंडका वाळला की तंतूंचा नुसता भुगा उरतो. कुऱ्हाडीपासून हे झाड बऱ्याच अंशी वाचले त्याचे एक कारण हेच असावे.

मग एवढे मऊ लाकूड एवढा भार कसा पेलते? सकाळी आणलेली कोथिंबिरीची जुडी आठवा. ताजी असते तेव्हा काड्या ताठ उभ्या राहतात आणि दुपारी पाणी उडाले की त्याच काड्या मान टाकतात. काडीत हाड नसते. पेशीत भरलेले पाणी भिंतींना आतून रेटत असते आणि त्या रेट्याने ती ताठ राहते. गोरखचिंचेचे खोडही बऱ्याच अंशी याच रेट्यावर उभे असते. शिवाय लाकूड मऊ असल्याची भरपाई झाड जाडीने करते, म्हणून त्याचा घेर उंचीच्या मानाने बेढब वाटतो.

यातून एक गोष्ट निघते आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. खोडातले पाणी म्हणजे उन्हाळाभर खुशाल प्यायचा साठा, असे आपण धरून चालतो. तसे नाही. जे पाणी झाडाला उभे ठेवते तेच सगळे खर्चून टाकले तर झाड कोसळेल. मग साठा कशासाठी? मादागास्करमध्ये बाओबाबांच्या खोडातले पाणी आणि पानांचे व्यवहार मोजणाऱ्या संशोधकांना याचे उत्तर मिळाले. पाऊस सुरू होण्याआधीच झाड खोडातले थोडे पाणी काढून नवी पालवी फोडते. मात्र त्या पानांची सूक्ष्म छिद्रे, ज्यांतून पाण्याची वाफ बाहेर जाते, ती पाऊस पडेपर्यंत बहुतेक बंदच ठेवते. म्हणजे साठा रोजच्या खर्चाला नाही. पहिली सर येईल त्या दिवशी झाड तयार असावे यासाठी तो आहे. ओले महिने चारच असतील तर पालवी फुटण्यात गेलेले दोन-तीन आठवडेही महागात पडतात. गोरखचिंच ते आठवडे वाचवते.

बाकीचे आठ महिने झाड पाने टाकून स्वस्थ बसते. पानेच नाहीत तर वाफ होऊन जाणार कोठून? तरी ते पुरते झोपलेले नसते. वरच्या राखाडी सालीचा पापुद्रा जिथे निघालेला असतो तिथे खाली हिरवा थर दिसतो. त्या थरात सूर्यप्रकाशावर अन्न तयार होण्याचे काम थोडेफार चालू राहते.

या सालीचा आणखी एक गुण आहे. बहुतेक झाडांची साल सभोवार काढली की झाड मरते. गोरखचिंच नवी साल भरून काढते. आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या लोक तिच्या सालीचे वाख काढून दोर वळत आले, आणि झाडे जगली. मांडवगडावर मात्र साल सोलली जाते ती नावे कोरण्यासाठी. झाड जखम भरून काढते हे खरे, पण जखम भरायला तेच पाणी आणि तेच अन्न लागते जे त्याने पालवीसाठी राखलेले असते. उन्हाळ्यात केलेली प्रत्येक कोरणी झाडाच्या पुढच्या पावसाळ्यातून वजा होते. हा छंद थांबायला हवा.

वयाचा अंदाज का चुकतो

गाइड बहुधा प्रत्येक मोठ्या झाडाला पाचशे-सहाशे वर्षे देऊन मोकळे होतात. घेर पाहून वय सांगायचा मोह जुना आहे. मिशेल अॅडनसन हा फ्रेंच निसर्गअभ्यासक १७४९ मध्ये सेनेगलला गेला. किनाऱ्याजवळच्या बेटावरच्या बाओबाबांवर जुन्या युरोपीय खलाशांनी कोरलेली नावे त्याला दिसली. त्या अक्षरांवर चढलेल्या सालीवरून त्याने वाढीचा वेग काढला आणि हे झाड पाच हजार वर्षांच्या आसपास जगते असा हिशेब मांडला. पुढे लिनियसने या झाडाला त्याचेच नाव दिले.

हिशेब चुकला, कारण हे झाड दरवर्षी सारखे जाड होत नाही. दुष्काळात तर खोड आक्रसतेही. वर्षागणिक पडणारी वलये पुसट असतात, आणि पुष्कळ मोठी झाडे मुळात एक नसतातच. एका बुंध्यातून फुटलेली अनेक खोडे वाढता वाढता एकमेकांना चिकटून एकच झाड झाल्यासारखी दिसतात. मधली पोकळी ही कुजून झालेली नसून पुष्कळदा या खोडांच्या मधली मूळची मोकळी जागा असते. रुमानियाचे रसायनशास्त्रज्ञ अॅड्रियन पात्रुत यांनी कार्बन-कालमापनाने हे उलगडले. त्यांच्या मापांत सर्वांत जुने झाड सुमारे अडीच हजार वर्षांचे भरले.

त्यांच्याच गटाने २०१८ साली एक काळजीची गोष्ट मांडली. आफ्रिकेतल्या सर्वांत जुन्या १३ बाओबाबांपैकी ९ झाडे त्याआधीच्या बाराएक वर्षांत पूर्ण मेली होती, किंवा त्यांची सर्वांत जुनी खोडे कोसळली होती. कोणत्याही साथीची खूण नव्हती. वाढते तापमान आणि कोरडेपणा यांच्याकडे संशोधकांनी बोट दाखवले. पाण्याच्या रेट्यावर उभ्या राहणाऱ्या झाडाला पाणी कमी पडले तर काय होईल, हे वर पाहिलेच आहे.

एका रात्रीचे फूल, वर्षभर टिकणारे फळ

पावसाच्या तोंडाशी लांब देठांना मोठी पांढरी फुले उलटी लोंबतात. ती संध्याकाळी उमलतात आणि दुसऱ्या दिवशी मलूल होऊन गळतात. वास उग्र असतो, माणसाला फारसा न आवडणारा, पण तो वास माणसासाठी नाहीच. रात्री मधासाठी येणाऱ्या वटवाघळांना अंधारात पांढरा रंग दिसतो आणि वास कळतो. पुंकेसरांच्या मोठ्या झुबक्यातून पराग त्यांच्या अंगाला लागतात.

फळाचे कवच लाकडासारखे कठीण असते. आत ओला गर नसून पांढरी, कोरडी, भुसभुशीत वडी असते. फळ झाडावरच वाळते म्हणून ते महिनोन्‌महिने टिकते. या गरात क जीवनसत्त्व संत्र्याहून अधिक असते. पश्चिम आफ्रिकेत गराचे सरबत करतात आणि पाने वाळवून, कुटून कालवणात घालतात. सेनेगलमध्ये त्या पुडीला लालो म्हणतात. तिथे पोकळ बुंध्यांत ग्रियोंना, म्हणजे वंशावळी आणि गाथा गाणाऱ्या भाटांना, पुरायची रीत होती. सेनेगलच्या राजमुद्रेवरही हे झाड आहे. झाड खाण्याचे, दोराचे आणि स्मरणाचेही. माळव्यात त्यातले फक्त फळ उरले.

आफ्रिकेतून माळव्यात

मांडवगडावरची रूढ कथा सांगते की हे बी खलिफांनी सुलतानाला नजराणा म्हणून पाठवले. कथेला आधार देणारे संबंध इतिहासात आहेत. १४०१ मध्ये दिलावरखान घोरीने दिल्लीपासून वेगळे होऊन धारहून राज्य सुरू केले. त्याचा मुलगा होशंगशहा याने राजधानी मांडवगडावर नेली. पुढे आलेल्या महमूद खिलजीला कैरोत राहणाऱ्या अब्बासी खलिफाकडून मानाची वस्त्रे आली होती. त्याचा मुलगा ग्यासुद्दीन याच्या अंतःपुराबद्दल इतिहासकार फिरिश्ता लिहितो की तिथे पाचशे तुर्की आणि पाचशे हबशी स्त्रिया शस्त्रे घेऊन पहारा देत. म्हणजे पंधराव्या शतकात आफ्रिकेतली माणसे या गडावर राहत होती. गुजरातच्या बंदरांतून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याशी व्यापार चाले आणि माळव्याचा माल त्याच बंदरांतून बाहेर पडे. वाळलेले, आंबट, न सडणारे फळ लांबच्या गलबती प्रवासात सोबत घ्यायला सोयीचे. त्यातले बी कोठेही पडावे.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारत आणि आफ्रिकेतल्या गोरखचिंचांच्या आनुवंशिक खुणा ताडून पाहिल्या गेल्या. निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे. भारतात हे झाड एकदा नव्हे, अनेकदा आणि समजत होतो त्याहून दीर्घ काळात आले. पश्चिम आणि मध्य भारतातल्या झाडांचे जवळचे नातलग मोंबासा ते दार-ए-सलाम या पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सापडतात. इतकेच नव्हे, या भारतीय झाडांत आफ्रिकेत न आढळलेल्या काही खुणाही आहेत. पश्चिम आफ्रिकेच्या झाडांशी जुळली ती भारताच्या आग्नेय भागातली झाडे. ती अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत युरोपीय सत्तांच्या जहाजांतून आली असावीत. एकाच जातीची दोन झाडे, एक माळव्यात आणि एक पूर्व किनाऱ्याकडे, दोन वेगळ्या समुद्रांवरून आलेली.

रुजायला मात्र जागा मानवावी लागते. पाणी साचून राहणारी जमीन या झाडाला सोसत नाही. माळव्याच्या सपाटीवरची चिकट काळी माती त्याला तितकी भावली नाही. गडाच्या कडेची मुरमाड, निचऱ्याची जमीन भावली. आणि ओल्या-कोरड्या महिन्यांचा हिशेब तर घरच्यासारखाच होता.

काळ्या दगडावरचे शहर

आता त्याच गडावर वसलेल्या शहराकडे पाहा. मांडवगड हा माळव्याच्या पठाराचा सुटलेला तुकडा. मध्ये काकडा खोह ही खोल दरी, दुसऱ्या बाजूला थेट निमाडात उतरणारे कडे. संरक्षणाला याहून चांगली जागा नाही, पाण्याला याहून अवघड नाही. वर नदी नाही. दगड सह्याद्रीतलाच, लाव्हारसाचा थरांवर थर चढून झालेला काळा बसाल्ट. या दगडाच्या अंगात पाणी मुरत नाही. ते भेगांतून आणि दोन थरांमधल्या सांध्यांतून खाली जाते आणि कड्याच्या पोटातून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. निळकंठाच्या जागी, दरीच्या काठावर, असाच झरा वाहतो. अकबराच्या काळात तिथे विश्रांतिमहाल बांधला गेला. आज ते महादेवाचे ठिकाण आहे आणि पाणी कोरीव नालीतून खेळत जाते.

म्हणजे पाऊस कितीही पडो, माथा कोरडाच राहणार. गडावर हजारो माणसे ठेवायची तर पडेल तो पाऊस पडेल तिथेच अडवायला हवा. मुंज तलावाचे नाव दहाव्या शतकातल्या परमार राजाचे आहे. सुलतानांच्या आधीपासून इथे पाणी अडवले जात होते. सुलतानांनी ते काम शहरभर पसरवले.

जहाजमहाल त्याचा सर्वांत देखणा नमुना. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर सुमारे १२० मीटर लांबीची इमारत. पावसाळ्यात दोन्हीकडे पाणी भरले की ती तरंगते आहे असे वाटते. पर्यटक छायाचित्र काढून पुढे जातात. गच्चीवर चढून जमिनीकडे नीट पाहिले तर खरी गंमत कळते. गच्चीचा उतार ठरवून दिलेला आहे. पाणी नाल्यांत उतरते, आणि एका ठिकाणी ती नाली सरळ न जाता सर्पिल वळणे घेते. वळणावळणाने पाण्याचा वेग मंदावतो आणि वेग मंदावला की गाळ खाली बसतो. नितळ झालेले पाणी पुढे हौदात जाते. शोभेसाठी केलेली वाटणारी ती नक्षी म्हणजे गाळणी आहे.

जवळच्या चंपा बावडीत दुसरी युक्ती आहे. विहिरीच्या पाण्याच्या पातळीशी जोडून खाली दालने काढली आहेत. पाण्यावरून जाणारी हवा त्यांत खेळते आणि मे महिन्यातही तिथे गारवा राहतो. पाणी प्यायचे, तेच घर थंड करायचे. पठाराच्या दक्षिण टोकाला रेवाकुंडातून पाणी वर चढवून सुलतान बाजबहादुराच्या महालात नेत. त्याच्याही वर त्याच्या प्रेयसीची, रूपमतीची छत्री. तिथून स्वच्छ दिवशी खाली निमाडात नर्मदेची रेघ दिसते. ती जागा मुळात पहाऱ्याची चौकी होती. दोघांच्या प्रेमकथेने ती गाजली, त्यात वाईट काही नाही. पण दोन्ही वास्तू पाण्याच्या वाटेवर उभ्या आहेत हे पाहून घ्यावे.

ही सगळी यंत्रणा माणसांच्या निगेवर चालते. १५६१ मध्ये बाजबहादुराचे राज्य मोगलांनी घेतले, राजधानी संपली, शहर ओसरले. १६१७ मध्ये जहांगीर प्रचंड लवाजमा घेऊन गडावर आला. अब्दुल करीम मामूरीकडून त्याने तीन लाख रुपये खर्चून जुन्या इमारती दुरुस्त करून घेतल्या होत्या. तरी इंग्रज वकील टॉमस रो याच्या रोजनिशीत मार्च महिन्यातल्या पाण्याच्या हालांचे वर्णन आहे. इमारती दुरुस्त झाल्या, पण एवढ्या माणसांना पुरेल इतके पाणी साठवून ठेवणारे कोणी उरले नव्हते. जहांगीरने पावसाळा मात्र तिथेच काढला आणि तलावांच्या काठचे दिवे पाहून तो भारावून गेला.

▪ चौकट: थोडक्यात ▪
• गोरखचिंच (बाओबाब) चिंचेची नव्हे, काटेसावरीची नातलग.
• खोडातले पाणी झाडाला उभे ठेवते. त्यातले थोडेच पाणी पावसाआधी पालवी फोडण्यासाठी वापरले जाते.
• घेरावरून वय सांगता येत नाही. अनेक खोडे मिळून एक झाड झालेले असू शकते.
• मध्य भारतातली झाडे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील झाडांना सर्वांत जवळची.
• बसाल्टच्या माथ्यावर पाणी टिकत नाही, म्हणून मांडवगडाने गच्चीपासून बावडीपर्यंत पाऊस अडवला.

देवासचे विसरलेले आणि आठवलेले तळे

पाऊस अडवण्याचा हा हिशेब फक्त सुलतानांचा नाही. १७२८ मध्ये अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजी अप्पांनी मोगल सुभेदार गिरधर बहादुराचा पराभव केला आणि माळव्याची दारे मराठ्यांना उघडली. अमझेरा आज धार जिल्ह्यातच आहे. पवार घराण्याची एक शाखा धारला बसली, दुसरी देवासला. देवासला तर तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांची दोन राज्ये एकाच गावात नांदली, स्वातंत्र्यापर्यंत. दोन्ही ठिकाणी पवारांना मिळाले ते तलावांचे मुलूख. धारबद्दल आजही ‘साडेबारा तलावांचे गाव’ असे म्हटले जाते.

देवासच्या टेकडीवर मोठी माता आणि छोटी माता, तुळजाभवानी आणि चामुंडा. टेकडी चढून वरून गाव पाहावे. १९४८ मध्ये क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व इथे आले ते माळव्याच्या कोरड्या हवेसाठी. त्या हवेने त्यांना बरे केले आणि मराठी मनाने माळव्याची लोकगीते ऐकली ती त्यांच्यामुळे. पण हीच कोरडी हवा जमिनीतले पाणीही नेते. विजेचे पंप आणि खोल कूपनलिका आल्या तशी तळ्यांची गरज वाटेनाशी झाली. तळी गाळाने भरली, काही बुजवली गेली. बसाल्टच्या खोल भेगांत साठलेले पाणी थोडे असते आणि ते परत भरायला फार वर्षे लागतात. उपसा वाढला, भेगा रिकाम्या झाल्या. १९९० मध्ये देवासला इंदूरहून आगगाडीने पाणी आणावे लागले.

पुढची गोष्ट मला मांडवगडाइतकीच पाहण्यासारखी वाटते. २००६ पासून तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी मोठ्या शेतकऱ्यांना गाठून सांगितले की जमिनीचा दहावा भाग तळ्याला द्या. मोहिमेचे नाव भगीरथ कृषक अभियान, तळ्यांचे नाव रेवासागर. सरकारी पैशाची वाट न पाहता शेतकऱ्यांनी स्वतःच्या खर्चाने तळी खोदली. हिशेब साधा होता. दहावा भाग पिकातून गेला तरी उरलेल्या नऊ भागांना रब्बीत पाणी मिळाले. टोंकखुर्द तालुक्यात अशी तळी शेतांच्या मधोमध दिसतात. हिवाळ्यात त्यांवर पाणपक्षी उतरतात.

पाहायला जायचे तर

गडाचा हंगाम दोनदा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तलाव भरलेले असतात, झाडांना पाने असतात, धुके खोहमधून वर येते. खोडाचा आकार पाहायचा तर फेब्रुवारी-मार्च. दोन्ही वेळा जाता आले तर जावे. झाडाचे हे दोन अवतार पाहिल्यावाचून त्याचा व्यवहार उमगत नाही. होशंगशहाची संगमरवरी कबर चुकवू नये. १६५९ मध्ये शहाजहानच्या वास्तुकारांनी तिथे येऊन आदराचा लेख कोरून ठेवला आहे.

एक दिवस जास्त असेल तर बाघकडे वळावे. तिथली बौद्ध लेणी अजिंठ्यासारखी बसाल्टमध्ये नाहीत, वाळूच्या दगडात आहेत. तो दगड पाणी मुरू देतो. त्या मुरण्यानेच भित्तिचित्रे झडली. चित्रकार नंदलाल बोस यांनी १९२१ मध्ये त्यांच्या नकला केल्या, उरलेली चित्रे पुढे भिंतींवरून काढून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात नेली गेली. बाघच्याच परिसरात, त्याहून नंतरच्या थरांत, धार जिल्ह्यातल्या ९२ घरट्यांतून २५६ डायनासोर-अंड्यांची नोंद २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली.

काही वर्षांपूर्वी मांडवगड परिसरातल्या मोठ्या गोरखचिंचा मुळासकट काढून हैदराबादकडच्या एका बागेत नेण्याचा उद्योग सुरू झाला होता. गावकऱ्यांनी विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे गेले आणि न्यायालयाने झाडे हलवण्याला रोखले. हे योग्यच झाले. ज्या झाडाचे वजन मुख्यतः पाण्याचे आणि ज्याचा तोल त्या पाण्यावर, ते मुळे छाटून शेकडो किलोमीटर नेणे म्हणजे त्याचा साठा ओतून देणे. शिवाय मोठ्या झाडांच्या मानाने नवी झाडे कमी दिसतात, कारण फळे तोडून विकली जातात आणि कोवळी रोपे गुरे-शेळ्या खातात.

पाटीवाल्या बाईकडून फळ घेतलेत तर गर खाऊन बिया टाकू नका. बीचे कवच फार टणक असते. रानात ते प्राण्याच्या पोटातून जाऊन मऊ होते. घरी ते कानशीने एका बाजूने जरा घासावे, रात्रभर गरम पाण्यात भिजू द्यावे आणि मे अखेरीस मुरूम मिसळलेल्या मातीत टाकावे. पहिली पाने साधी, एकेरी येतात. पंजासारखी पाने नंतर फुटतात, म्हणून रोप ओळखू येत नाही असे समजून उपटू नये. कुंडीत ते फार दिवस ठेवू नये. शाळेचे मैदान, देवराईची कड, गावठाणाची उघडी माळजमीन, अशी जागा हवी जिथे पुढची काही शतके कोणी भिंत घालणार नाही. पहिली दोन-तीन वर्षे शेळ्यांपासून राखावे आणि पावसाळ्यात बुंध्याशी पाणी तुंबू देऊ नये.